मदत हवी आहे: टेक्निशियन मोकळे बसलेत, ग्राहकाला मात्र "स्लॉट उपलब्ध नाही"

सर्व्हिसवाला_सातारा
नमस्कार मंडळी. फील्ड सर्व्हिसचं, म्हणजे ग्राहकाच्या घरी जाणाऱ्या टेक्निशियनची कामं लावायचं, सॉफ्टवेअर घेतलंय. अपॉइंटमेंटचं सगळं सेटिंग केलं, टेक्निशियन टाकले, वेळा टाकल्या, बुकिंगची लिंक ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. आता लिंक उघडली की "या पत्त्यासाठी स्लॉट उपलब्ध नाही" असं येतंय. पोरं इकडं दुकानात बसून चहा पितायत. सपोर्टला मेल केला तर त्यांनी मदतीच्या पानाची लिंक पाठवली, जी मी आधीच वाचलीय. सीझन तोंडावर आलाय. कुणाला माहीत असेल तर पटकन सांगा. "मॅन्युअल वाचा" म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहावं.

निवांत
कुठलं सॉफ्टवेअर? कसली सर्व्हिस देता? माणसं किती? "सगळं सेटिंग केलं" म्हणजे नेमकं काय काय केलं? एवढं तरी लिहा की राव, आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत?

सर्व्हिसवाला_सातारा
नाव लिहिलं की धागा जाहिरातीत जातो म्हणून नाही लिहिलं. क्लाउडवरचं आहे, महिन्याला माणशी पैसे घेतात. आरओ, सोलर वॉटर हीटर आणि इन्व्हर्टर. दुकान पोवई नाक्याजवळ. सेटिंग केलंय म्हटलं ना, परत परत तेच काय विचारताय.

कोरेगावकर_अण्णा
आवो कशाला त्या भानगडीत पडताय? माझा पंप-मोटारीचा धंदा. एक शंभर पानी वही आन् एक फोन. सकाळी नवाला पोरं आली की चिठ्ठ्या फाडून हातात देतो, विषय संपला. गिऱ्हाईक लिंक उघडून तारीख निवडत बसत न्हाई. ते फोन करतंय आन् म्हणतंय, "आज येतोय का न्हाई तेवढं सांग."

इन्व्हर्टर_कराड
अण्णा, एका गावात चालतं ते. आमची पोरं कराड, उंब्रज, पाटण फिरतात. वहीत मंगळवार लिहिलेला माणूस बुधवारी दारात उभा राहिला की शिव्या मालकाला बसतात.
धागाकर्ते, माझं ऐका, ओडू टाका. फुकट आहे, सगळं त्यात होतं, स्टॉकपण, बिलिंगपण. आरओचे मेम्ब्रेन (गाळणीचा पार्ट) किती शिल्लक ते टेक्निशियनला मोबाईलवर दिसतं.

डिस्पॅचवाली
ओडूचं फील्ड सर्व्हिस मॉड्यूल एंटरप्राइझ आवृत्तीत आहे, फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत नाही. कम्युनिटीवर चालणारी ओसीएची (ओडू वापरणाऱ्यांच्या संघटनेची) मॉड्यूल्स आहेत, पण ती बसवायला आणि नंतर सांभाळायला जाणकार माणूस लागतो. शिवाय त्यांना आहे ते सॉफ्टवेअर चालवायचंय, बदलायचं नाही.

मी पुण्यात लिफ्टच्या सर्व्हिसला डिस्पॅच, म्हणजे कुणाला कुठल्या कामावर धाडायचं ते, बघायचे, आता साताऱ्यात राहून तेच करते. स्लॉट दिसायला बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. तो पत्ता ज्या भागात येतो तो भाग कुणातरी टेक्निशियनच्या नावावर हवा. त्याच माणसाच्या नावापुढे त्या कामाचं कौशल्य टिक केलेलं हवं. त्याची ड्युटी, रजा, आधीची कामं आणि जायला लागणारा वेळ वजा करून कामाच्या लांबीएवढी सलग जागा उरायला हवी. यातलं एक निसटलं तरी ग्राहकाला कारण कळत नाही, नुसतं "उपलब्ध नाही" दिसतं.

म्हणून विचारते. सगळ्यांनाच असं होतंय की काहींनाच? तिन्ही कामांना की एखाद्यालाच? पुढच्या आठवड्याची तारीख टाकूनही तेच येतं का? आणि एका कामाला वेळ किती धरलाय?

धंदा_वाढवा
डीएलटी, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवायची नोंदणी, केलंय का? अपॉइंटमेंटचा एसएमएस ग्राहकाला जायचा असेल तर ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटीवर संस्थेची नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि प्रत्येक मजकुराचं टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं. टेम्प्लेटमध्ये एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मेसेज अडतो. माझा यात बराच वेळ गेलाय. मदत लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाजवी दरात करून देतो.

सर्व्हिसवाला_सातारा
एसएमएसचा प्रश्नच नाही हो. ग्राहक लिंक उघडतो तिथंच अडतंय.
@डिस्पॅचवाली, तिन्ही कामांना तसंच. पुढच्या महिन्याची तारीख टाकली तरी तसंच. आरओला एक तास धरलाय, सोलरला दोन. सगळ्यांना होत नाहीये, माझ्या घरचा पत्ता टाकला की सगळे स्लॉट दिसतात.

निवांत
म्हणजे चालतंय की मग! कुणाला दिसत नाही ते लिहा.

सर्व्हिसवाला_सातारा
वाई, पाचगणी, महाबळेश्वर. हॉटेलवाले सगळे. तेच तर मोठे ग्राहक आहेत.

निवांत
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

माजी_टपाली
मला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक विचारतो. तुमच्या त्या यंत्रात भाग पिनकोडनं टाकलाय का?

सर्व्हिसवाला_सातारा
हो. 415 ने सुरू होणारे सगळे. ज्याने सेटअप करून दिला त्यानेच टाकलं. सातारा जिल्हा म्हणजे 415 ना?

माजी_टपाली
तिथंच घोडं अडलंय साहेब. वाई 412803, पाचगणी 412805, महाबळेश्वर 412806. शिरवळ 412801 आणि खंडाळा 412802 पण त्यातच. जिल्हा सातारा, पिन मात्र 412 चा. पिनचे पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीप्रमाणे ठरलेत, 1972 पासून. कलेक्टर कचेरीच्या हद्दीशी त्यांचा काही संबंध नाही. साताऱ्याचा 415001, कराड 415110, फलटण 415523, हे तुमच्या जाळ्यात आले. वाईकर बाहेर राहिले.

आणि उलटी बाजू पण बघा. 415 मध्ये चिपळूण (415605) येतं, रत्नागिरी (415612) येतं, सांगलीकडचं विटं (415311) येतं. तुमच्या लिंकवरून रत्नागिरीचा माणूससुद्धा आरओ सर्व्हिसिंग बुक करू शकतो.

सर्व्हिसवाला_सातारा
अरे देवा. चिपळूणचं एक सोलरचं बुकिंग आलं होतं! आम्हाला वाटलं कुणीतरी चेष्टा केली, म्हणून रद्द केलं.

डिस्पॅचवाली
काका, शंभर टक्के हेच आहे. धागाकर्ते, आता घाईघाईत 412 असं उघडं टाकू नका. पुणे जिल्ह्याचा बराच ग्रामीण भाग 412 मध्ये आहे, वाघोलीहून बुकिंग येतील. पूर्ण सहा आकडी पिन एकेक करून टाका, 415 चे पण. ग्राहकांच्या जुन्या बिलांवरून यादी काढलीत तर तासाभराचं काम आहे. आणि वाई-महाबळेश्वर हा भाग वेगळा करा, साताऱ्यात मिसळू नका. का ते नंतर कळेलच.

कोरेगावकर_अण्णा
वहीला पिनकोड लागत न्हाई.

इन्व्हर्टर_कराड
ओडूतपण असंच झालं असतं म्हणा, पण तिथं दुरुस्त करणं सोपं होतं.

सर्व्हिसवाला_सातारा
पिन टाकले. नवीन भाग केला, "वाई-घाट" नावाने. स्लॉट आले! पण आता नवीनच. वाईच्या ग्राहकाला पहिला स्लॉट दुपारी साडेतीनचा दिसतोय आणि शेवटचा रात्री साडेनऊचा. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा टाकलंय, डोळ्यांनी बघून टाकलंय. साताऱ्याच्या भागाला बरोबर दिसतंय. हे सॉफ्टवेअर आहे की काय आहे!

निवांत
दहाचे साडेतीन, म्हणजे बरोबर साडेपाच तास पुढे. टाइम झोन.

डिस्पॅचवाली
हो. नवीन भागाचं वेळापत्रक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहिलंय. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तुमचं दहा ते सहा ग्राहकाला साडेतीन ते रात्री साडेअकरा दिसतंय. सोलरचं काम दोन तासांचं असल्यामुळे शेवटचा स्लॉट साडेनऊला थांबला, तेवढं सॉफ्टवेअरनं इमानदारीत केलं. कंपनीच्या सेटिंगमध्ये भारत असला तरी प्रत्येक वेळापत्रकाला वेगळा टाइम झोन असतो, तिथं कोलकाता निवडा, भारताची वेळ त्याच नावानं असते. टेक्निशियनच्या स्वतःच्या प्रोफाइललाही बघा, नाहीतर ग्राहकाला दहा दिसेल आणि पोराच्या मोबाईलवर साडेचार.

धंदा_वाढवा
एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) जीएसटी 18 टक्के लावता ना? बरेच जण आरओच्या एएमसीला चुकीचा दर लावतात.

निवांत
यांना कुणी विचारलं?

सर्व्हिसवाला_सातारा
झालं. दहा ते सहा दिसतंय. काका, ताई, मनापासून आभार. आता ग्राहकाला नेमकी वेळ द्यायची की दोन-दोन तासांची खिडकी? मला नेमकी वेळ आवडते, इंप्रेशन पडतं.

इन्व्हर्टर_कराड
नेमकी वेळच द्या. आम्ही देतो. ग्राहकाला आपण मोठी कंपनी वाटतो.

डिस्पॅचवाली
कराड गावात द्या. पाचगणीला नेमकी वेळ देऊन बघा एखाद्या शनिवारी. पसरणी घाटात एक बस बंद पडली की तुमचं अकराचं काम एकला सुरू होणार आणि मागची सगळी ढकलली जाणार. खिडकी दोन तासांची ठेवा, आत टेक्निशियनला क्रम तुम्ही ठरवा. म्हणूनच भाग वेगळा करा म्हटलं होतं. घाटातल्या भागाला दोन कामांमधला मोकळा वेळ जास्त ठेवता येतो, शनिवार-रविवारला आणखी जास्त.

इन्व्हर्टर_कराड
दोन तासांची खिडकी म्हणजे ग्राहकाने दोन तास दार उघडं ठेवून बसायचं? आम्ही नाही असं करत.

डिस्पॅचवाली
निघताना टेक्निशियन "निघालो" दाबतो, ग्राहकाला मेसेज जातो, दोन तास कुणी बसत नाही. तुमच्याकडे उशीर झाल्यावर फोन कोण करतं?

इन्व्हर्टर_कराड
मी करतो.

डिस्पॅचवाली
मग ते सॉफ्टवेअर नाही, ते तुम्ही आहात.

घाटमाथा
हॉटेलवाल्याच्या बाजूने लिहितो, आमचं पाचगणीला लॉज आहे. आम्हाला सकाळचं नको, दुपारनंतरचंही नको. पाहुणे खोली सोडून जातात आणि नवीन येतात त्यामधला वेळ, साधारण अकरा ते दीड, तेवढाच खोलीत शिरायला मिळतो. गीझर, आरओ काय ते तेव्हाच. लिंकवर "हॉटेल" निवडलं की तेवढेच स्लॉट दाखवता आले तर फार बरं होईल.

सोलर_फिटर
पण सोलरला ते चालणार नाही, हे ध्यानात घ्या. ट्यूबवाल्या हीटरची ट्यूब बदलायची म्हणजे टाकीतलं पाणी सोडावं लागतं, आणि भर उन्हात रिकामी ट्यूब तापलेली असताना गार पाणी आत गेलं की तडकते. टणकन आवाज येतो आणि ट्यूबचे पैसे आपल्या खिशातून. मी हे काम सकाळी ऊन चढायच्या आत करतो, नाहीतर सूर्य कलल्यावर. अगदीच दुपारी करायची वेळ आली तर ट्यूबांवर पोती झाकून बऱ्याच वेळानं पाणी सोडतो. "सोलर दुरुस्ती" हा एकच प्रकार ठेवू नका. ट्यूब बदलणं वेगळं काम, त्याला सकाळचाच स्लॉट. वॉल्व्हची, गळतीची, हीटर कॉइलची तपासणी कधीही चालते.

सर्व्हिसवाला_सातारा
हे कुठल्याच मदतीच्या पानावर नव्हतं. दोन वेगळे प्रकार करतो.
शेवटचं एक. बामणोलीला एक रिसॉर्ट आहे आणि तापोळ्याला एक. सॉफ्टवेअर दोन्ही कामं एकाच पोराला पाठोपाठ लावतंय, मध्ये वीस मिनिटं प्रवास दाखवतंय.

घाटमाथा
पोराला पोहता येतं का?

डिस्पॅचवाली
प्रवासाचा वेळ सरळ रेषेच्या अंतरावरून काढलेला दिसतोय. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मुळात तेच चालू असतं, रस्त्याच्या अंतरानं हिशोब करायला नकाशाची वेगळी सेवा जोडावी लागते आणि तिचे पैसे पडतात. सपाट मुलखात फार बिघडत नाही. इथं मध्ये शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, आहे. बामणोली जावळी तालुक्यात, कासवरून खाली. तापोळा महाबळेश्वरकडून. नकाशावर समोरासमोर, पण मध्ये कोयनेचं पाणी.

माजी_टपाली
लाँचनं जाता येतं की. आमच्या वेळी टपालही पाण्यावरून जायचं.

डिस्पॅचवाली
काका, पोराबरोबर शिडी, हत्यारं आणि ट्यूबांची पेटी आहे. आणि लाँचची वेळ सॉफ्टवेअरला कोण सांगणार? साधा मार्ग म्हणजे बामणोली साताऱ्याच्या भागात टाका आणि तापोळा वाई-घाटात. दोन भागांत वेगवेगळी पोरं ठेवलीत की सॉफ्टवेअर पाठोपाठ लावणारच नाही. ग्राहक कमी असतील तर तापोळ्याला आठवड्यातला एकच वार उघडा ठेवा.

सर्व्हिसवाला_सातारा
तापोळ्याला गुरुवार ठेवला. बामणोली काढून साताऱ्यात टाकलं. आत्ता तपासलं, दोन्हीकडे वेगळी पोरं येतायत. ट्यूबवाल्या कामाचा प्रकार आज रात्री करतो.

कोरेगावकर_अण्णा
ते सगळं ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं आरओचं पाणी कडू लागतंय, कोरेगावला कवा येताय?

सर्व्हिसवाला_सातारा
अण्णा, लिंक पाठवतो. 415501 टाकलाय, उद्या दहा ते बाराचा स्लॉट मोकळा आहे.

कोरेगावकर_अण्णा
लिंक नको, नंबर द्या.