जुनी बुलेट: पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं?

डिचोलीकर:
घरात कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० आहे, वडिलांच्या वेळची. पाऊस तोंडावर आला की गॅरेजवाल्याचं पालुपद सुरू: "पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक घाला, कटकट मिटेल." मला हे पटत नाही. पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन धातूचे संपर्क, ते सहसा अचानक दगा देत नाहीत. आधी किका वाढतात, मग चढावर दम जातो, सायलेन्सर फटाके फोडायला लागतो. चोर्ला घाटात बंद पडली तरी झाकण उघडायचं, पॉइंटमध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून घाण पुसायची, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची आणि निघायचं. इलेक्ट्रॉनिकचं मॉड्यूल (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) गेलं तर साखळी गावापर्यंत पिकअपमधून वरात.

आणि तो अ‍ॅमीटर, करंट दाखवणारा काटा! चावी लावून किक हळू दाबली की पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तिथे डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी छोटी लिव्हर) दाबून किंचित पुढे सरकवायचं, सोडायचं, मग एक किक. हे सोडून द्यायचं?

बार्देशी:
भर पावसात डिस्ट्रिब्युटर (पॉइंटचा डबा) उघडून फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी) घालणार म्हणता, छत्री कोण धरणार? पॉइंटची टाच कॅमवर, म्हणजे त्यांना उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर, घासते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे जातं. तुम्ही ज्याला पूर्वसूचना म्हणता, तेवढे दिवस गाडी तापते आणि जास्त पेट्रोल पिते. इलेक्ट्रॉनिक किटमधल्या सेन्सरला घासायला काही नाहीच. पुढे बुलेटलाही कंपनीतूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशन यायला लागलं, ते काय उगाच?

लालमाती:
दोघेही पॉइंटवर भांडताय, खरा चोर बाजूलाच बसलाय. कंडेन्सर.

पॉइंट उघडले की कॉइलच्या पहिल्या गुंडाळीतला (प्रायमरी) करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत (सेकंडरी) हजारो व्होल्ट तयार होतात. ते झटक्यात कोसळावं आणि पॉइंटवर ठिणगी उडू नये, हे काम कंडेन्सरचं. तो कमजोर झाला की पॉइंटवर पिवळी, जाड ठिणगी दिसते, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा होतो, गाडी तापली की बंद आणि गार झाली की चालू. लोक पॉइंट घासत बसतात. आज काउंटरवर मिळणारे काही कंडेन्सर तर कोरे असतानाच मेलेले असतात, म्हणून पॉइंट बदनाम.

दुसरं, डिचोलीकरबाब, झाकण उघडलंत की कॅम बोटांत धरून आडवा हलवून बघा. गॅप बदलत असेल तर शाफ्टचे बुश (त्याला धरणाऱ्या नळ्या) गेलेत. त्यावर महागडं किट बसवलं तरी टायमिंग थोडं भटकणारच. शिवाय बऱ्याच किटमध्ये अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं आणि स्प्रिंगा जुन्याच राहतात. आपल्या दमट हवेत त्या गंजून अडकतात, त्यांना तेलाचा थेंब किट घालणार नाही.

वाळपईकर:
आमची येझदी ६ व्होल्टची. बाजारात दिसतात ती बहुतेक किट १२ व्होल्टची. विषय संपला.

बार्देशी:
संपला कसा? १२ व्होल्ट करून घ्या.

वाळपईकर:
म्हणजे बॅटरी, बल्ब, हॉर्न, रेग्युलेटर सगळं बदलायचं. कशासाठी, तर पॉइंट पुसायचा कंटाळा!

तिसवाडीची:
मी जुनी बुलेट रोज चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला आणते. गाडी देव्हाऱ्यात ठेवायला घेतलेली नाही, मला ऑफिस गाठायचं असतं. किट बसवलं आणि सुखात आहे. फक्त खाऱ्या हवेत त्याच्या वायरींच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, तिथे ग्रीस लावून ठेवते. बॅटरी मात्र चांगलीच लागते, व्होल्टेज पडलं की मॉड्यूल रुसतं. जुनी प्लेट काढण्याआधी ती नेमकी कुठे बसते तिथे ओरखडा मारून खूण केली. पॉइंट आणि चालू कंडेन्सरसकट ती तेलकट फडक्यात टूलबॉक्समध्ये आहे.

डिचोलीकर:
ताई, रोजच्या गाडीचं समजू शकतो. माझी रविवारची, तिला पॉइंटच राहणार. बार्देशी, छत्री धरायला तुम्हालाच बोलावतो. लालमाती, कॅम हलवून बघितला, खेळ आहे, गॅप चक्क बदलते. फोंडा किंवा कुंडईकडे डिस्ट्रिब्युटरचे बुश नीट बसवणारा टर्नर कोणाला माहीत आहे का?

लालमाती:
शाफ्टपण सोबत न्या. तो झिजला असेल तर नुसत्या बुशने भागणार नाही.