अनुभव धागा: मिलाद, उर्स, चाळीसावा – तुमच्या घरात हा प्रश्न कसा हाताळला गेला?

अस्सलामु अलैकुम.

रबीउल अव्वल, म्हणजे प्रेषितांच्या (स.) जन्माचा महिना, जवळ आला की मला दोन मेसेज हमखास येतात. एकात असतं, मिलाद (प्रेषितांचा जन्मदिवस) न मनवणारा आशिक-ए-रसूल (रसूलवर प्रेम करणारा) कसला? दुसऱ्यात असतं, प्रत्येक बिदअत (दीनमध्ये आणलेली नवी गोष्ट) गुमराही आहे. पाठवणारे दोघेही माझे जवळचे. मी माहेरी मिलाद ऐकत वाढले, सासरी तो होत नाही. दोन्हीकडे नमाज कुणी चुकवत नाही, दोन्हीकडे दरूद (प्रेषितांसाठीची दुआ) पढला जातो. त्यामुळे यातल्या कुणालाही बेदीन किंवा गुस्ताख म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दोन ईदांबद्दल वाद नाही. हजरत अनस (रजि.) यांची रिवायत (त्यांनी सांगितलेली हदीस) सगळ्यांना माहीत आहे. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा तिथल्या लोकांचे खेळण्या-बागडण्याचे दोन दिवस ठरलेले होते. अल्लाहने त्या बदल्यात तुम्हाला याहून चांगले दोन दिवस दिले आहेत, अजहा आणि फित्र, असं त्यांनी सांगितलं. प्रश्न आहे तो उरलेल्या दिवसांचा. मिलादुन्नबी, शब-ए-मेराज (प्रेषितांच्या आसमानी प्रवासाची रात्र), बुजुर्गांचे उर्स (पुण्यतिथीचे सोहळे), घरातलं माणूस गेल्यावरचा चाळीसावा. हे करावं, सोडावं, की करणाऱ्याला करू द्यावं?

फतवे चिकटवू नका, ते शोधले की मिळतात. तुम्ही काय केलं, का केलं आणि त्यानंतर घरात, जमातीत काय झालं, ते लिहा.

*

वालेकुम अस्सलाम. आमच्याकडे मिलादची मैफल होते आणि तिची जबाबदारी माझ्यावर असते. आधी तिथे काय होतं ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्या बऱ्याच जणांनी ती पाहिलेलीच नसते. तिलावत (कुराणपठण), काही नात (प्रेषितांच्या स्तुतीची गीतं), मग सीरतवर (प्रेषितांच्या चरित्रावर) लांब बयान, शेवटी सलाम आणि दुआ. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला कुणी हराम म्हणणार नाही. वाद आहे तो हे सगळं एका ठरलेल्या तारखेला बांधण्यावर.

माझा आधार सोमवारच्या रोजाचा आहे. हुजूरांना, म्हणजे प्रेषितांना, त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की या दिवशी माझा जन्म झाला आणि याच दिवशी माझ्यावर वही (अल्लाहचा संदेश) उतरली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दुसरा आधार हदीसचे जुने आलिम इब्न हजर अस्कलानी यांचा. आशुराचा (१० मुहर्रमचा) रोजा मूसा अलैहिस्सलाम यांच्या सुटकेचा शुक्र म्हणून होता. म्हणजे एखादी नेमत ज्या दिवशी मिळाली, तो दिवस दरवर्षी परत आला की शुक्र करता येतो, असा त्यांनी त्यातून अर्थ काढला. सुयूतींनी (मृत्यू १५०५) मिलादवरच्या आपल्या रिसाल्यात (छोट्या पुस्तकात) हे नोंदवलं आहे. आणि पूर्ण सांगायचं तर इब्न हजर यांनी त्याच मजकुरात हेही म्हटलंय की पहिल्या तीन पिढ्यांतल्या नेक लोकांकडून ही प्रथा आलेली नाही, तिच्यात चांगलंही आहे आणि वाईटही, आणि चांगलं तेवढं करून वाईट टाळणाऱ्यासाठी ती चांगली बिदअत ठरते. आमची माणसं यातलं शेवटचं वाक्य सांगतात, समोरचे पहिलं. मी दोन्ही सांगतो.

आता अनुभव. सलामच्या वेळी सगळे उभे राहतात. एकदा मागच्या रांगेत एक वयस्क गृहस्थ बसूनच राहिले. शेजारच्या तरुणाने त्यांच्या खांद्याला हात लावून म्हटलं, “उठा चाचा, अदब करा.” चाचा काही बोलले नाहीत. पायजम्याचा पायचा वर घेऊन त्यांनी सुजलेला गुडघा दाखवला. तो मुलगा ओशाळला आणि विषय तिथेच मिटला. पण मला पुढचा प्रश्न पडला. गुडघा ठणठणीत असता आणि चाचांना फक्त उभं राहणं पटत नसतं, तर? आम्ही स्वतः ज्याला जास्तीत जास्त मुस्तहब (केलं तर चांगलं, सक्ती नाही) म्हणतो, त्यासाठी कुणाला उठवण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? तेव्हापासून सलामआधी मी माइकवर सांगतो: ज्याला बसून पढायचंय त्याने बसून पढावं, कुणी कुणाकडे पाहू नये. सुरुवातीला नाराजी झाली, आता सवय झाली आहे. गंमत नाही, खरंच सांगतो, मिलाद न मानणारे काही शेजारी या एका घोषणेनंतर बयान ऐकायला येऊ लागले.

*

आमच्या घरी होत नाही, पण आधी एक नीट समजून घ्या. आम्ही प्रेषितांवर (स.) प्रेम करत नाही म्हणून हे सोडलेलं नाही. ज्यांनी त्यांच्यावर सगळ्यात जास्त प्रेम केलं त्यांनी हे केलं नाही, म्हणून सोडलंय. अबू बक्र (रजि.), उमर (रजि.), बीबी आयेशा (रजि.), कुणीही नाही. हजरत उमर यांच्या काळात सन मोजायला कुठून सुरुवात करायची हे ठरवायची वेळ आली. जन्मापासून मोजता आलं असतं. त्यांनी हिजरत (मक्केहून मदीनेला स्थलांतर) निवडली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते: त्या लोकांनी माणसाच्या जन्माऐवजी त्याने उचललेल्या कष्टाला वर्षाचा आरंभ केलं.

हजरत आयेशा यांची हदीस तर स्पष्टच आहे: आमच्या या दीनमध्ये जो त्यातलं नसलेलं काही नवं आणेल, ते रद्द. हजरत उमर यांनी तरावीहला (रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजेला) चांगली बिदअत म्हटलं असं मला नेहमी ऐकवलं जातं. पण तरावीह स्वतः प्रेषितांनी काही रात्री जमातीने पढवली होती आणि उम्मतवर फर्ज (बंधनकारक) होईल या भीतीने थांबवली होती. मुळात असलेली गोष्ट परत सुरू करणं वेगळं.

मला दुखतं ते मशिदीबाहेर मुलांना “तुमच्या घरात हुजूरांना मानत नाहीत का?” असं विचारलं जातं तेव्हा. माझी मुलगी हा प्रश्न घेऊन घरी आली होती. मी वाद शिकवला नाही, सीरतचं पुस्तक काढलं आणि रोज रात्री थोडं थोडं वाचायला लागलो. ते अजून चालू आहे. तारीख नाही, महिना नाही.

*

वरच्या दोघांसाठी एक गोष्ट. मदरशात शिकत असताना उस्तादांनी सांगितली होती आणि ती माझ्या मनातून गेली नाही.

हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की (मृत्यू १८९९) मिलादच्या मैफलीत जात, सलामला उभे राहत आणि त्यात आपल्याला लज्जत वाटते असं त्यांनी लिहूनही ठेवलं. त्यांचेच मुरीद (शिष्य) आणि खलीफा (नेमलेले वारस) मौलाना रशीद अहमद गंगोही या प्रचलित मैफलींच्या ठाम विरोधात होते. म्हणजे पीर करतात, मुरीद मना करतात. तरी गंगोहींनी बैअत (पीराशी बांधलेली निष्ठा) तोडली नाही आणि हाजीसाहेबांनी त्यांना दूर लोटलं नाही. हाजीसाहेबांनी तर अशा सात वादांवर एक छोटा रिसालाच लिहिला, आणि त्यातला सूर हाच की या गोष्टींवरून एकमेकांना काफिर, फासिक म्हणत सुटू नका.

आज त्या दोघांचं नाव घेणाऱ्या लोकांनी मशिदी वाटून घेतल्या आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

*

मिलादवर मला बोलायचं नाही. चाळीसाव्यावर बोलते, कारण तो आमच्या घरात अंगावर आला.

अब्बा गेले. तीन दिवस माणसं येत राहिली, मग घर शांत झालं आणि थोरल्या काकांनी यादी काढली. कुणाला बोलवायचं, कुराणखानी किती वाजता, किती पानं वाढायची. धाकटा भाऊ म्हणाला, मी यातलं काही करणार नाही, हे दीनमध्ये नाही. काका म्हणाले, बापाचं शेवटचं करायला पोराला जड झालं. अम्मी इद्दतमध्ये (नवरा गेल्यावर बायकोने घरात राहण्याच्या मुदतीत) होती, दोघांचे आवाज तिला आतल्या खोलीत ऐकू जात होते.

मी इमामसाहेबांना फोन केला. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही, तीन गोष्टी सांगितल्या. एक: हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी इतरांना त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला सांगितलं होतं. म्हणजे जेवण दुःखाच्या घराकडे जायला हवं, दुःखाच्या घराने गावाला वाढायचं नाही. दोन: हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या वतीने आपली बाग सदका (दान) केली आणि त्याचा सवाब (पुण्य) आईला पोहोचेल असं त्यांना सांगितलं गेलं. तीन: नवरा गेलेली बायको सोडली तर कुणीही पाळायचा सोग (दुखवटा) तीन दिवसांचाच आहे. मग ते म्हणाले, “तुमच्या अब्बांच्या नावाने द्या, दुआ करा, कुराण पढा. चाळीस हा आकडा तेवढा मनातून काढा. एकोणचाळिसाव्या दिवशी केलं तरी पोहोचतं आणि दोनशेव्या दिवशीही.”

काकांना मी हदीस ऐकवली नाही. एवढंच विचारलं की या जेवणासाठी काढलेले पैसे अब्बा ज्या मुलांना शिकवायचे त्यांच्या फीला दिले तर चालेल का. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, पण लोक काय म्हणतील? हाच आमच्या घरातला खरा प्रश्न होता, फिकहचा (दीनच्या नियमांचा) नव्हताच. शेवटी फी भरली गेली. चाळीसाव्या दिवशी काका स्वतः आले, अम्मीच्या दाराबाहेर बसून यासीन पढले आणि गेले. भावाने त्यांना अडवलं नाही. अडवायला नकोच होतं.

*

इतिहास शिकवतो म्हणून थोडी भर. दोन्ही बाजूंनी पसरवली जाणारी अर्धवट माहिती ऐकून त्रास होतो.

मिलाद “सहाबांपासून (प्रेषितांच्या साथीदारांपासून) चालत आलंय” हे खरं नाही. फातिमी या शिया घराण्याच्या काळात कैरोच्या दरबारात प्रेषितांसोबत हजरत अली, फातिमा, हसन, हुसैन आणि गादीवरचा खलिफा यांचेही जन्मदिवस होत. पण “हे फक्त फातिम्यांचं” असंही नाही. सुन्नी जगातला सगळ्यात गाजलेला मिलाद इराकमधल्या इरबिलचा. तिथला राजा मुजफ्फरुद्दीन कोकबुरी (मृत्यू १२३३) हा सलाहुद्दीन अय्यूबीचा मेहुणा. इतिहासकार इब्न खल्लिकान मूळ इरबिलचेच, त्यांनी या सोहळ्याचं वर्णन करून ठेवलंय: बगदाद, मोसुलहून येणारे आलिम, सूफी, लाकडी मंडप, सगळं. त्यात एक नोंद मला फार आवडते. जन्मतारखेबद्दल मतभेद असल्यामुळे राजा एका वर्षी ८ रबीउल अव्वलला मिलाद करायचा आणि दुसऱ्या वर्षी १२ ला. आज बारा तारखेवरून जीव टाकणाऱ्यांनी हे वाचावं.

विरोधही तितकाच जुना. मालिकी मजहबचे (फिकहच्या एका परंपरेचे) आलिम फाकिहानी आणि इब्नुल हाज दोघेही चौदाव्या शतकातले. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) याला बिदअत म्हणतात, पण प्रेमापोटी करणाऱ्याला त्याच्या प्रेमाचा आणि नियतचा सवाब मिळू शकतो असंही लिहितात. हे वाक्य दोन्हीकडचे लोक गाळतात.

*

मी नोकरीनिमित्त सौदीत राहिलो. तिथे १२ रबीउल अव्वलला सुट्टी नसते. पहिल्यांदा फार चुकल्यासारखं झालं. शेख इब्न बाज (मृत्यू १९९९) यांचा मिलादविरोधी फतवा तिथे वजनदार मानला जातो. पण २३ सप्टेंबरला राष्ट्रीय दिवस असतो, २००५ पासून सुट्टीही. मी सहकाऱ्याला विचारलं, मग हे कसं चालतं? तो म्हणाला, ही इबादत नाही, दुनियेतली रीत आहे. प्रामाणिक उत्तर होतं. तिथल्याही काही आलिमांना ते मान्य नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं.

तेव्हापासून मी स्वतःला एवढंच विचारतो: मी हे न करणाऱ्याला गुन्हेगार समजतोय का? समजत असेन तर मी त्याला दीनचा भाग करून टाकलंय. तसं असेल तर विरोध करणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे.

*

शिया आहे, थोडक्यात लिहिते. आमच्याकडे हा प्रश्न असा येत नाही. अहले बैतची (प्रेषितांच्या घराण्याची) आठवण ठेवणं हाच आमच्या दीनचा भाग आहे. विलादतची (प्रेषितांच्या जन्माची) तारीखही आम्ही १७ रबीउल अव्वल धरतो. इराणमध्ये १२ ते १७ हा आठवडा एकतेचा म्हणून पाळतात, तो याचसाठी. पण आशुराला कृपया “साजरा करतात” म्हणू नका. करबला (इ.स. ६८०), जिथे इमाम हुसैन शहीद झाले, आमच्यासाठी गम आहे. त्याच दिवशी शेजारची सुन्नी बाई रोजा ठेवते आणि मी मजलिसला (शोकसभेला) जाते. आम्ही एकमेकींना त्या दिवशी मुबारकबाद देत नाही, तेवढी समज दोघींना आहे.

*

एक विचारायचंय. आमच्या घरी मिलाद होत नाही. मुलाला एका मैफलीत सीरतवर बोलायला बोलावलंय, त्याला जायचंय. पाठवू का?

*

(मैफल करणारा) पाठवा. आयोजकांना आधीच सांगा की सलामच्या वेळी तो बसून राहील किंवा निघेल. जे ऐकणार नाहीत त्यांच्याकडे पाठवू नका.

*

(आमच्या घरी होत नाही, असं लिहिणारा) मी पाठवला नसता. पण तुम्ही पाठवणार असाल तर भाषण एखाद्या आलिमकडून तपासून घ्या. मैफलींमध्ये मनगढंत रिवायती फार चालतात, विशेषतः जन्माच्या रात्रीच्या. ताइफचा प्रसंग (प्रेषित तिथे दीन सांगायला गेले तेव्हाचा) घ्यायला सांगा. सहीह आहे, आणि त्रास देणाऱ्यांच्या नाशाची मुभा असताना प्रेषितांनी ती नाकारली, हे मुलांना ऐकवायला हवंच.

*

धागा सुरू करणारी: सगळ्यांचे आभार. शब-ए-मेराज आणि शब-ए-बरातवर (माफीची मानली जाणारी रात्र) अजून कुणी लिहिलेलं नाही. रात्रीची नफ्ल (ऐच्छिक) नमाज घरी पढावी की मशिदीत जमून, यावरून ज्यांच्याकडे बोलणं झालं असेल त्यांनी जरूर लिहा. उर्सबद्दलही. धागा उघडा आहे.