डेबियन १० वर अपडेट होईना, लिबसी६ वर गाडी अडली

गणपती पेठ, सांगली
आमचं हळदीचं अडत दुकान आहे. २०१९ च्या पुरात जुना कॉम्प्युटर गेला. पाणी ओसरल्यावर नवीन घेतला आणि मीच त्यावर डेबियन १० (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, सगळा हिशेब पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये.

परवा नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला 'एपीटी अपडेट' (पॅकेजांची यादी ताजी करायची कमांड) दिलं तर ४०४, रिलीज फाइलच नाही म्हणतं. मग सोर्सेस डॉट लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून आणायची त्या पत्त्यांची फाइल) डेबियन १२ ची ओळ घातली. आता ड्रायव्हरला लिबसी६ (सिस्टिमची मूळ लायब्ररी) २.३४ पाहिजे, माझ्याकडे २.२८. नुसतं लिबसी६ चढवू का? सौदे चालू आहेत, शेतकरी पट्टीसाठी दारात उभे असतात. मशीन बंद पडलेलं चालणार नाही.

वाईवाला
दादा, लिबसी६ ला हात लावू नका. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्याच्यावर उभा आहे. ते ओढलं की मागोमाग अर्धं डेबियन १२ येतं, आणि मशीन धड दहाचं राहत नाही, धड बाराचं होत नाही.

१२ ची ओळ आत्ताच्या आत्ता काढा. डेबियन १० चा एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) ३० जून २०२४ ला संपला, पॅकेजं आता आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्गवर आहेत. जुन्या ओळींत तो पत्ता घाला. रिलीज फाइलची मुदत संपली असं म्हणालं तर 'चेक-व्हॅलिड-अंटिल' फॉल्स करा. मग 'एपीटी-कॅश पॉलिसी लिबसी६' चालवा. इन्स्टॉल्डपुढे २.२८ च असेल तर अजून काही बिघडलेलं नाही.

मिरज जंक्शन
वरचं अगदी बरोबर, पण तेवढ्यावर थांबू नका. दहाला आता सिक्युरिटी अपडेट येत नाहीत आणि तुमच्या मशीनवर लोकांच्या पैशाचा हिशेब आहे. १० वरून ११, मग १२. मधली पायरी गाळायची नाही. बस्टर म्हणजे डेबियन १०, बुल्सआय म्हणजे ११; अकराला सिक्युरिटीच्या ओळीत 'बस्टर/अपडेट्स' होतं तिथे 'बुल्सआय-सिक्युरिटी' येतं. नुसतं बस्टरचं बुल्सआय करून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

पोस्टग्रेस नीट सांभाळा. डेबियन १० मध्ये पोस्टग्रेस ११ आहे, डेबियन ११ मध्ये पोस्टग्रेस १३ येतं. जुना क्लस्टर (डेटाबेसचा अख्खा संच) ५४३२ पोर्टवर तसाच राहतो, नवा रिकामा ५४३३ वर उभा राहतो. तो रिकामा आधी काढा, मगच 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' चालवून जुना डेटा नव्यात न्या. सुरुवात करण्याआधी 'पीजी_डंपऑल'ने सगळ्या डेटाची प्रत (डंप) घ्या आणि तो डंप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसती फाइल पेनड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

गणपती पेठ, सांगली
१२ ची ओळ काढली, आर्काइव्हचा पत्ता घातला. पॉलिसीत २.२८ च होतं, ते बघून जीव भांड्यात पडला. मुदतीची तक्रार आली होती, फॉल्स केल्यावर गेली. ड्रायव्हर दहाच्याच पॅकेजांत मिळाला, साडेअकराला पहिली पट्टी निघाली.

डंप भावाच्या लॅपटॉपवर उघडला. कालच्या शेवटच्या पट्टीचं वजन, हमाली, तोलाई वहीशी ताडून पाहिली, जुळली. रविवारी सौदे नसतात, तेव्हा डेबियन ११ ला हात घालतो. दोघांचेही मनापासून आभार.