शब्दचर्चा: ‘आर्ट रॉक’ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: दिवाळी अंकासाठी संगीतावरचा एक लेख अनुवादित करतेय. ‘आर्ट रॉक’, म्हणजे चित्रकलेसारख्या कलांकडून कल्पना घेणारं, प्रयोग करणारं रॉक संगीत. तो शब्द मी तसाच ठेवला होता, संपादकांनी ‘कलात्मक रॉक’ केलं. मला फार खटकतंय. कलात्मक म्हटलं की रांगोळी, फुलांची मांडणी आठवते. शिवाय बाकीचं रॉक कलाहीन, असाही अर्थ निघतो. इथला ‘आर्ट’ खरोखर चित्रकलेच्या वर्गातून आलाय. बीटल्स बँडचा जॉन लेनन लिव्हरपूलच्या आर्ट कॉलेजात होता, ‘द हू’ बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड ईलिंगच्या. गायक ब्रायन फेरी न्यूकॅसलला चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनकडे शिकला. त्याच्या रॉक्सी म्युझिक या बँडचा पहिला अल्बम १९७२चा. हे सगळं ‘कलात्मक’मध्ये कुठे येतं?

पारावरचा: समांतर रॉक म्हणा. समांतर सिनेमा म्हणतोच की आपण.

रानजाई: समांतर म्हणजे मुख्य धारेच्या बाजूने चालणारं. बीटल्सचा १९६७चा ‘सार्जंट पेपर’ अल्बम तर घरोघरी वाजत होता. त्याला समांतर कसं म्हणू?

दादरकर: मग प्रायोगिक. छबिलदासमध्ये नाटकं पाहिलेल्या आमच्या पिढीला हा शब्द बरोबर पोचतो. वेल्वेट अंडरग्राउंड या बँडमध्ये जॉन केल व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावावर, एकच सूर घासत बसतो. तानपुराही एकाच सुराला धरून असतो, पण तो गायकाला बैठक देतो. हा सूर ऐकणाऱ्याला बसूच देत नाही. याला प्रायोगिक नाही तर काय म्हणायचं?

रानजाई: पण मग ‘एक्स्परिमेंटल रॉक’ला काय म्हणू? लेखात तोही शब्द आहे.

मायमराठी: ‘कलारॉक’. सरळ समास. ‘कला’ हा आपला शब्द हाताशी असताना ‘आर्ट’ कशाला हवा?

सावंतवाडीकर: ‘आर्ट’ही आता आपलाच आहे हो. माझी आजी चौथी शिकलेली, पण तिला फरक पक्का ठाऊक होता: धाकटा काका ‘आर्टला’ म्हणजे चित्रं काढायला, मोठा ‘आर्ट्सला’ म्हणजे इतिहास घेऊन बी.ए. करायला. रानजाईताईंना हवा तो अर्थ ‘आर्टला’मध्ये आयता आहे. ‘आर्ट रॉक’च ठेवा.

तालवेडा: आधी ऐका तरी! पिंक फ्लॉइड बँडचं १९७३चं ‘मनी’ हे गाणं लावा आणि मांडीवर सात मात्रांचा रूपक ताल धरा. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचा खणखणाट, सगळं टेप कापून-जोडून सात मात्रांत बसवलंय. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटारची पाळी आली की गाणं चारात येतं आणि पुन्हा साताकडे वळतं. तिथे माझा हात दर वेळी चुकतो. बँडमधले तिघे आर्किटेक्चरचे विद्यार्थी होते, ते उगाच नाही.

मायमराठी: बांधकाम दिसतंच. म्हणूनच ‘कला’. मुळात कला म्हणजे चंद्राचा सोळावा भाग, मोजून केलेला. आकलन, संकलन, आपलं कळणं, सगळं त्याच ‘कल्’ धातूतलं.

दादरकर: आकलन, संकलन मान्य. ‘कला’ही त्यातलीच, याला आधार काय? आणि मग ‘अवकळा’तली कळा कुठली?

मायमराठी: तीच. ल चा ळ झाला. चौसष्ट कळा म्हणतातच की.

सावंतवाडीकर: आणि पोटात येते ती कळ?

रानजाई: ती कळ वेगळी असावी. पण मला उद्या मजकूर द्यायचाय. आणि संपादकांनी ‘तो रॉक’ केलंय, मी ‘ते रॉक’ लिहिलं होतं.

पारावरचा: ‘ते’च. संगीत ते, म्हणून रॉक ते.

तालवेडा: जॅझ तो, ब्लूज तो, मग रॉकही तोच. आमच्या पुण्यात सगळे ‘तो’च म्हणतात.