मदत हवी आहे : स्क्रीन बंद केली की ॲप अंतर कमी दाखवते

कपाशी_कोडर
नागपूर-अमरावतीतल्या पळायच्या रस्त्यांचं ॲप बनवलंय. टेस्टर आमच्या गावातलेच, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. १६०० मीटर पळतात, ॲप ११०० दाखवते. काल एक पोरगा घाम पुसत म्हणाला, "भाऊ, चारही राउंड मारले, आईशप्पथ." लय वाईट वाटलं. १२ पैकी एकानं टेस्टिंगमधून नावच काढलं. लवकर सांगा.

टेकडी_नागपूर
अँड्रॉइड कितवं? मैदान किती मीटरचं? फोन कुठं ठेवतात? काहीच लिहिलं नाही.

वऱ्हाडी_रनर
ॲप काहून पाह्यजे? ४०० च्या ट्रॅकवर चार राउंड, हातात स्टॉपवॉच. मी असाच भरती झालो.

डिझाईनवाली
१२ कशाला? पाच टेस्टर पुरतात, ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० मध्येच लिहिलंय.

टेकडी_नागपूर
ताई, पाचाचा आकडा ॲप वापरताना लोक कुठं अडखळतात हे पाहण्यापुरता. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी प्ले स्टोअर १२ टेस्टर सलग १४ दिवस मागते.

अंबाझरी_पहाट
शहराचं ॲप गावात तपासून काय कळणार? मोकळ्या आभाळाखाली जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असते. सीताबर्डीत उंच इमारतींवर आपटून सिग्नल येतो, तिथं पळवून पाहा.

वऱ्हाडी_रनर
मोकळ्या मैदानात ५०० मीटर गळले, मंग इमारतीचा काय संबंध?

निवृत्त_मास्तर
पुढच्या आठवड्यात लेकीकडे नागपूरला येतोय. फुटाळा तलावावर पहाटे फिरायला बरं राहील का? गुडघे दुखतात.

कपाशी_कोडर
मैदान ४०० चंच. अँड्रॉइड १३ अन् १४. फोन रुमालात गुंडाळून दंडाला बांधतात, स्क्रीन बंद. नकाशावर रेघ वळणावर वळतच नाही, मैदानाच्या मधून सरळ जाते.

टेकडी_नागपूर
हे आधी सांगायचं ना भाऊ! स्क्रीन बंद झाली की जीपीएसचे मधले बिंदू गळतात, उरलेले सरळ जोडले जातात, वळण कापलं जाते. फोरग्राउंड सर्व्हिस लाव, म्हणजे स्क्रीन बंद असली तरी ॲपचं काम चालू राहते; नोटिफिकेशन दिसत राहिलं पाहिजे. अँड्रॉइड १४ साठी मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये, त्या सर्व्हिसचा प्रकार लोकेशन लिही. बॅटरी वाचवायला फोन ॲपवर घालतो ते बंधनही प्रत्येकाच्या फोनमधून काढ.

कपाशी_कोडर
सर्व्हिस लावलीच नव्हती. आज रात्री करतो. पोरं पहाटे साडेपाचला मैदानावर येतात. त्याआधी नाव काढलेल्या पोराच्या घरी जाऊन येतो.