डोळ्यांबरोबर दातही बघून घ्या
ताई, दत्तक आणलेल्या आंधळ्या चिंचिलाचा (उंदराच्या जातकुळीतला मऊ, दाट लवेचा पाळीव प्राणी) डावा डोळा सारखा पाणावतो, सकाळी चिकटलेला असतो असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या थेंबांवर थांबू नका, दातांचा एक्स-रे काढून घ्या. चिंचिलाचे दात जन्मभर वाढतात. वरच्या दाढांची मुळं लांबली की अश्रुनलिका दाबली जाते. आमच्या चिमीचं, म्हणजे आमच्या चिंचिलाचं, तेच निघालं. लाळ गळून हनुवटीखालची लव ओली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अंग साफ करायला चिंचिला बारीक धुळीत लोळतात, ती धुळीची अंघोळ डोळा बरा होईपर्यंत बंद. गवत, पाण्याची बाटली, झोपायचं खोकं यांची जागा मात्र अजिबात हलवू नका, मिशांनी चाचपून तो वाट पाठ करतो. उचलण्याआधी दर वेळी हाक मारा. चिमी आधी दचकायची; नंतर हाक ऐकली की कान वळवायची, पुढे येऊन माझं बोट हुंगायची. फार जीव लावतात हो!