मदत हवी आहे: किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी लिहितेय, सोबत लिहिणारं कुणी आहे का इथे?

काठावरची:
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहितेय, २०१९ च्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या महापुरावर. गाव काल्पनिक आहे, पण सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीच्या आसपासचं कुठलंही नदीकाठचं गाव डोळ्यासमोर आणा. आमच्या भागात पावसाळ्यात शेंबडं पोरगंसुद्धा आधी विचारतं, आयर्विनला किती फूट? म्हणजे सांगलीतल्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं, म्हणजे काय झालं असेल ते काठावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण पुण्यामुंबईतल्या सातवीतल्या मुलीला हे कसं कळावं, तिच्या पायापर्यंत पाणी आल्यासारखं कसं वाटावं, माझा सगळा जीव त्यात अडकलाय.

आता खरी अडचण. गोष्ट तीन मुलांची आहे, दोन भावंडं आणि शेजारचा एक पोरगा, तिघं एका स्लॅबवर अडकलेत, सोबत घरची माणसं, एक म्हातारी आणि दोन शेरडं. मुलांच्या पुस्तकात गोष्ट मुलांनी पुढे न्यायला पाहिजे हे मला पटतं. पण खऱ्या पुरात मुलं काय करणार? पाण्यात उडी मारून कुणाला वाचवलं असं मला लिहायचं नाही, कारण वाचणारं एखादं पोर उद्या तसं करायला जाईल. आणि एनडीआरएफची बोट आली, सगळे बसले, सुटले, असं लिहिलं तर मुलं नुसती बघत बसतात आणि गोष्ट मोठ्यांची होते. चौथ्या प्रकरणापासून गाडी इथेच रुतलीय.

दुसरं, मृत्यू. त्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आमच्या भागातल्या मुलांना हे माहीत आहे, त्यांच्यापासून लपवणं मला खोटेपणा वाटतो. पण किती आणि कसं लिहायचं?

तिसरं म्हणजे सोबत. घरच्यांना वाचायला दिलं की छान झालंय म्हणतात, पुढे काही नाही. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यांचे ग्रुप भरपूर आहेत पण तिथे मुलांचं म्हटलं की लोक बोधकथाच समजतात. मला किशोरांसाठी लिहिणारी तीन-चार माणसं हवीत, एकमेकांचा कच्चा खर्डा वाचून स्पष्ट बोलणारी. जाणकारांनी कृपया लिहा.

खडूफळा:
ताई, विषय फार चांगला निवडलाय. मी शाळेवर आहे, सहावी-सातवीला मराठी शिकवतो, त्यामुळे वाचणाऱ्यांच्या बाजूने सांगतो.

मोठ्यांचं लक्ष नाही असं एखादं काम मुलांना द्या. स्लॅबवर मोठी माणसं काय करत असतील? कोयना धरणातून किती पाणी सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने किती अडवलं यावर भांडत असतील. तेवढ्यात तुमची पोरगी जिन्याच्या पायरीवर खडूने रेघ मारतेय, दर तासाला पाणी कुठवर आलं ते. मोबाईलची बॅटरी संपलीय, पिण्याचं पाणी संपत आलंय, म्हातारीची बीपीची गोळी खालच्या खोलीत राहिलीय. कुठल्या स्लॅबवर किती माणसं, कोण आजारी, ही यादी मुलांनी हाका मारून मारून केली आणि बोट आल्यावर त्या यादीमुळे आधी कुणाला न्यायचं ते ठरलं, तर गोष्ट मुलांनीच पुढे नेली की! यात पोहायची गरजच नाही.

मृत्यूचं म्हणाल तर मुलांना तो झेपतो, त्यानंतर कुणी बोलतच नाही ते झेपत नाही. बातमी येऊ द्या, मग मुलांना प्रश्न विचारू द्या, आणि एका तरी मोठ्या माणसाने नीट उत्तर द्यावं.

आणि एक, वर्गात मोठ्याने वाचून बघा. कुठे चुळबुळ सुरू होते तिथे पेन्सिलने खूण करायची. मुलांना कसं वाटलं असं विचारू नका, ती चांगलंच म्हणतात. पुढे काय होईल विचारा. अंदाज सांगायला हात वर आले तर गोष्ट पकडतेय.

डोंबिवली_फास्ट:
काठावरची, मी येतो ग्रुपमध्ये! चाळीतल्या मुलांची रहस्यकथा लिहितोय, निम्मी झालीय. बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक ऑनलाईन फुकट आहेत, १९७१ पासूनचं मासिक आहे ते, दोन-चार दशकांतले अंक शेजारी ठेवून वाचले की मुलांशी बोलायचा सूर कसा बदलत गेला ते दिसतं, मला त्याचा फार उपयोग झाला. मासिकाला पाठवायचं असेल तर अख्खी कादंबरी नको, एक प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील असं करून पाठवा, संपादकाला तेवढं वाचायला जमतं.

बोलीचं काय ठरवलंय? सांगलीकडचं बोलणं संवादात पाहिजेच असं मला वाटतं.

काठावरची:
खडूफळा सर, ती यादीची कल्पना वाचून मी लगेच वही काढली. पायरीवरची रेघ तर घेतेच घेते, चालेल ना? दर प्रकरणाच्या सुरुवातीला कितवी पायरी बुडाली तेवढंच लिहीन, म्हणजे फुटांचा आकडा न कळणाऱ्या मुलांनाही पाणी चढताना दिसेल.

डोंबिवली, संवाद बोलीत आणि निवेदन साध्या मराठीत असं धरलंय. "चल की रं" वाचताना नागपूरच्या पोराला अडेल असं वाटत नाही.

ग्रुपचं असं करूया, दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाने एकच प्रकरण टाकायचं आणि बाकीच्यांनी कुठे कंटाळा आला, कुठे पटलं नाही ते लिहायचं. नुसतं "मस्त" चालणार नाही. अजून दोघं-तिघं हवेत, कोकण किंवा विदर्भातलं कुणी असेल तर फारच बरं. ज्यांना यायचंय त्यांनी काय लिहिताय आणि कुठल्या वयासाठी एवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सर, तुम्ही लिहीत नसलात तरी वाचायला याल का?